नागपुरात आयटीवाल्यांची संस्था काढायची आहे: राष्ट्रीय संस्थेचा चॅप्टर, स्वतंत्र नोंदणी की युनियन?

मिहान_लोकल

नमस्कार मंडळी. पारसोडीचा आयटी पार्क आणि मिहान मिळून आम्ही चाळीसेक जण आहोत. डेव्हलपर, टेस्टर, नेटवर्कवाले आणि अभियांत्रिकी कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक. सध्या सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतं. आता रीतसर संस्था हवी असं ठरलंय. महिन्याला एक तांत्रिक व्याख्यान, वर्षाला एक परिषद, कॉलेजच्या मुलांसाठी कार्यशाळा. शिवाय रिलिव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) अडवणं, नोटीस पिरियडची वसुली अशा बाबतीत सदस्यांच्या पाठीशी उभं राहता आलं पाहिजे.

ग्रुपमध्ये तीन तट आहेत. एक म्हणतो, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियासारखी राष्ट्रीय संस्था असताना तिचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, होऊन तिच्याच छत्राखाली काम करा. दुसरा म्हणतो, आपली स्वतंत्र सोसायटी नोंदवा. तिसऱ्याला युनियन पाहिजे. कुठून सुरुवात करावी, कागद काय लागतात, लोक कुठे अडकतात, हे जाणकारांनी सांगावं.

---

घटना_समिती

तुमच्या यादीत दोन वेगवेगळ्या संस्था आहेत, हे आधी लक्षात घ्या. व्याख्यानं, परिषद, कार्यशाळा हे व्यावसायिक संस्थेचं काम. रिलिव्हिंग लेटरसाठी कंपनीशी भिडणं हे कामगार संघटनेचं काम. दोन्ही एकाच घटनेत कोंबली की धर्मादाय कार्यालय उद्देशांवर बोट ठेवतं, कंपन्या प्रायोजकत्व देत नाहीत, आणि सदस्याला खरी मदत लागते तेव्हा संस्थेच्या हातात कायद्याचं काहीच नसतं. तिन्ही बाजूंनी तोटा.

दुसरा गैरसमज म्हणजे 'राष्ट्रीय संस्थेचं सदस्यत्व म्हणजे परवाना'. सनदी लेखापालांना १९४९ चा कायदा आहे, वकिलांना १९६१ चा, वास्तुविशारदांना १९७२ चा. आयटीवाल्यांसाठी भारतात असा कायदा नाही. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) प्रा. आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष, पुढे टीसीएसचे एफ. सी. कोहलीही अध्यक्ष झाले. पण ती ऐच्छिक संस्था आहे. सदस्य नसलात म्हणून कोणी कोड लिहायला अडवत नाही, आणि सदस्य असलात म्हणून कंपनीवर काही बंधन येत नाही. ब्रिटनच्या कॉम्प्युटर सोसायटीला १९८४ साली राजसनद मिळाली, त्यामुळे ती 'चार्टर्ड' ही पदवी देऊ शकते. आपल्याकडे तसं नाही. आणि नॅसकॉमचं नाव कोणी घेत असेल तर ती १९८८ पासूनची कंपन्यांची संघटना आहे, नोकरदारांची नव्हे.

आता स्वतंत्र सोसायटीचं. महाराष्ट्रात नोंदणी दुहेरी असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक, आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी. कार्यालय एकच, धर्मादाय आयुक्तांचं, पण प्रमाणपत्रं दोन. पहिलं हातात आलं की लोक पेढे वाटतात आणि दुसऱ्याचा अर्ज राहून जातो. त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. दोन्ही फायली एकदमच तयार करा.

किमान सात जण लागतात. सातच घेऊ नका. नऊ किंवा अकरा घ्या, म्हणजे एखाद्याची पुण्याला बदली झाली तरी मंडळ अपुरं पडत नाही. एकाच घरातले दोघे-तिघे टाकू नका, आक्षेप येतो. प्राध्यापक शासकीय किंवा अनुदानित संस्थेतले असतील तर त्यांच्या संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. खासगी कंपनीतल्यांनी आपलं नियुक्तीपत्र काढून 'बाहेरील काम' किंवा 'हितसंबंध' हे कलम वाचावं. बिनपगारी पद असलं तरी बऱ्याच कंपन्या पूर्वसूचना मागतात. एचआरला एक ईमेल टाकून उत्तर जपून ठेवायचं.

कागद असे: ज्ञापन, म्हणजे नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय. नियमावली, तिच्यावर मंडळातल्या किमान तिघांची 'खरी प्रत' म्हणून सही. सगळ्यांची संमतीपत्रं. अर्ज कोणी दाखल करायचा याचं अधिकारपत्र. प्रतिज्ञापत्र. ओळखपत्र आणि रहिवासाचे पुरावे. नोंदणीकृत कार्यालयासाठी घरमालकाचं ना हरकत पत्र, सोबत मनपाची कर पावती किंवा वीज बिल. पत्ता सदस्याच्या स्वतःच्या घराचा असलेला बरा. भाड्याच्या फ्लॅटचा दिलात तर घर बदललं की बदल अर्ज. सेझमधल्या, म्हणजे मिहानसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, ऑफिसचा पत्ता मुळीच देऊ नका, ती जागा फक्त त्या युनिटच्या मंजूर कामासाठी असते.

नावाबद्दल एकच सांगतो, कारण सगळ्यात जास्त हेलपाटे याच्यामुळे होतात. प्रमाणपत्र मराठीत येतं, पॅन इंग्रजीत. नावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्ञापनातच लिहून टाका. नाही तर पॅनवर एक, बँकेत दुसरं आणि परिषदेच्या प्रायोजकाच्या चेकवर तिसरं. शासनाचा उपक्रम वाटेल असं नाव घेऊ नका. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा त्यासाठीच आहे.

---

वऱ्हाडी_वकील

वरच्या उत्तराला जोड. नियमावली नेटवरून उतरवून घेऊ नका भाऊ. भांडणं उद्देशांवरून होत नाहीत, ती निवडणुकीवरून होतात, आणि निवडणुकीचं भांडण मतदार यादीवरून होतं.

१८६० च्या कायद्याचं कलम १५ नीट वाचा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे तो मत देऊ शकत नाही, आणि सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. समजा तुमची वर्गणी १ एप्रिलला देय आहे आणि वार्षिक सभा ऑगस्टमध्ये. जुलै उजाडला तरी ज्यांनी पैसे भरले नाहीत ते ऑगस्टच्या सभेत बाद. शंभरातले साठ थकबाकीदार असले तर उरलेल्या चाळिसांवरूनच गणपूर्ती काढायची. हे कोणी बघत नाही. सभेच्या दिवशी दारात वर्गणी घेऊन मतदान करवतात, आणि हरलेला गट तोच मुद्दा घेऊन अर्ज ठोकतो. म्हणून नियमावलीत तीन गोष्टी आकड्यांत लिहा: वर्गणी कोणत्या तारखेला देय, मतदार यादी सभेच्या किती दिवस आधी बंद, आणि पावती कोण देणार. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे.

सभेच्या नोटिशीची पद्धतही लिहा. जुना कायदा ईमेलबद्दल काही बोलत नाही. 'सदस्याने नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असे मानले जाईल' हे वाक्य नियमावलीत असलं तर तुम्ही वाचलात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली नोटीस टिकेल अशा भरवशावर राहू नका. ऑनलाइन सभा, ऑनलाइन मतदान पाहिजे असेल तर तेही स्पष्ट लिहा. तुम्ही आयटीवाले, तेव्हा मतदानाची लिंक एकाच पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावरून निघणार नाही याची काळजी तुम्हाला सांगायला नको.

उद्देश नंतर बदलायचे म्हटले तर सोपं नाही. कलम १२ प्रमाणे प्रस्ताव सदस्यांना दहा दिवस आधी द्यायचा, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि तिथेही तीन-पंचमांश. म्हणून सुरुवातीलाच उद्देश जरा मोकळे ठेवा. 'संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाच्या उपयुक्त ज्ञानाचा प्रसार' अशी भाषा कायद्याच्या कलम २० शी जुळते.

आणि बदल अर्ज! ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो. पदाधिकारी बदलला, पत्ता बदलला, कोणी राजीनामा दिला, की बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली अर्ज. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा. दोन निवडणुका झाल्या आणि पहिलीचा बदल अर्जच दिला नाही, अशी फाईल घेऊन लोक येतात तेव्हा कागदोपत्री जुनंच मंडळ चालू असतं. बँक नव्या सह्या घेत नाही. जुन्या खजिनदाराला शोधायला मग हैदराबादला फोन. प्रत्येक निवडणुकीची नोटीस, पोच, हजेरीपट, इतिवृत्त आणि राजीनाम्याचं मूळ पत्र एका फाईलमध्ये ठेवा. अर्जाला हेच लागतं. शिवाय वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत मंडळाची यादी निबंधकांकडे द्यायची, हे १८६० च्या कायद्याचं कलम ४.

---

कामगार_कट्टा

तिसऱ्या तटाला हसू नका. सदस्याच्या नोकरीच्या प्रश्नात बोलायचं तर हक्काचा मार्ग युनियन हाच आहे. सोसायटीचं लेटरहेड घेऊन कंपनीत गेलात तर गेटवरूनच परत याल.

'आयटीवाले कामगार नाहीत, त्यांना युनियन करता येत नाही' हे चुकीचं आहे. १९२६ च्या कायद्यात युनियनच्या नोंदणीपुरती 'कामगार' ही व्याख्या उद्योगात नोकरीला असलेल्या सगळ्यांना धरून होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही युनियनच्या प्रकरणापुरती ती तशीच रुंद आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अडचण येते ती वैयक्तिक वादात. तिथे व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि पर्यवेक्षकाचं काम करणारे दरमहा १८,००० रुपयांच्या वर वेतन घेत असतील तर बाहेर. पदनावात 'मॅनेजर' आहे की नाही यावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय यावर ठरतं. तेव्हा कामाचं स्वरूप दाखवणारे ईमेल, टास्कची यादी, अप्रेझलचे फॉर्म सदस्यांनी सांभाळून ठेवावेत.

संख्या: अर्जावर किमान सात जण, आणि सदस्य संबंधित आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढे. ४०० जणांच्या कंपनीत ४० पुरतात. ३,००० च्या कंपनीत १००. तुम्ही वेगवेगळ्या कंपन्यांतले आहात, म्हणजे तुम्हाला उद्योगाच्या पातळीवरची युनियन लागेल. तिथे १०० चा आकडा धरा. चाळिसांवर भागणार नाही. अर्ज दिल्यानंतर निम्म्याहून अधिक अर्जदारांनी अंग काढून घेतलं तर अर्ज पडू शकतो, आणि एचआरचा फोन आला की अंग काढणारे निघतातच. म्हणून सातवर थांबू नका, पंधरा-वीस सह्या ठेवा, आणि त्या एकाच कंपनीतल्या नकोत. अर्ज अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

मिहानबद्दल ऐकीव गोष्ट फिरते की सेझमध्ये कामगार कायदे लागत नाहीत. २००५ च्या सेझ कायद्याचं कलम ४९ सरकारला काही कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार देतं, पण कामगार संघटना, औद्योगिक विवाद, कामाच्या अटी, भविष्य निर्वाह निधी हे विषय त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत.

रिलिव्हिंग लेटरपुरतं बोलायचं तर युनियन होईपर्यंत थांबायची गरज नाही. राजीनाम्याचा ईमेल, शेवटच्या दिवसाची नोंद, लॅपटॉप जमा केल्याची पोच आणि नोटीस पिरियडचं कलम एवढं जमवून आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. निम्मी प्रकरणं लॅपटॉपच्या पोचेपाशीच अडतात.

---

ताळेबंद

पैशाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

हिशोब ३१ मार्चला बंद. लेखापरीक्षण करून ताळेबंद अनुसूची आठमध्ये, जमाखर्च अनुसूची नऊमध्ये, सोबत नऊ-सी, आणि हे सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात. उत्पन्न शून्य असलं तरी द्यायचं. पहिल्या वर्षी 'काहीच व्यवहार झाला नाही' म्हणून सोडून देतात आणि मग तीन वर्षांचं एकदम काढताना जुन्या पावत्या सापडत नाहीत.

आयकरात दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली परस्परतेची: सदस्यांनीच पैसे दिले, सदस्यांवरच खर्चले, तर तो नफा नाही. पण बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज यात बसत नाही, सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर क्लबच्या प्रकरणात २०१३ साली ते स्पष्ट केलं. दुसरी वाट धर्मादाय नोंदणीची, जिला अजून सगळे बारा-ए म्हणतात. ती आधी तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. त्यासाठी उद्देश समाजासाठी खुले दिसले पाहिजेत. 'सदस्यांच्या हितासाठी' असं पाच वेळा लिहिलेली घटना घेऊन गेलात तर खातं विचारणारच, यात धर्मादाय काय? आणि नोंदणी 'सर्वसाधारण लोकोपयोग' या सदरात बसली, तर व्यापारी स्वरूपाच्या जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. परिषदेची तिकिटं आणि प्रायोजकांचे स्टॉल तिथे मोजले जाऊ शकतात.

जीएसटीत मात्र परस्परता चालत नाही. २०२१ च्या वित्त कायद्याने कलम ७ मध्ये दुरुस्ती करून संस्था आणि सदस्य यांना वेगळ्या व्यक्ती मानलं, तेही १ जुलै २०१७ पासून. सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाख. हिशोब करून बघा: २०० सदस्य गुणिले १,००० म्हणजे २ लाख. ३०० जणांची परिषद, तिकीट १,५००, म्हणजे साडेचार लाख. प्रायोजक ६ लाख. झाले साडेबारा. दुसरी तेवढीच परिषद घेतली की तेवीस. प्रायोजकत्वावरचा कर सोसायटीच्या बाबतीत सहसा कंपनीच रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, भरते, पण ती रक्कम तुमच्या उलाढालीत मोजली जाते. 'कर आपण भरत नाही म्हणजे धरायचं नाही' असं समजून लोक मर्यादा ओलांडतात.

बँकेला दोन्ही प्रमाणपत्रं, पॅन, नियमावली आणि ठराव लागतो. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या अशी अट ठेवा, आणि तिघं तीन वेगळ्या कंपन्यांतले असू द्या. खातं उघडेपर्यंत एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी जमा करू नका, ती त्याच्या खात्यात त्याचं उत्पन्न म्हणून दिसते. परदेशी संस्थेकडून थेट डॉलरमध्ये देणगी घ्यायची असेल तर परकीय अंशदान कायद्याची परवानगी आधी. 'फक्त पाचशे डॉलर' म्हणून सूट नाही.

---

मिहान_लोकल

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन उपप्रश्न. चॅप्टरचा पर्याय मग पूर्णच सोडायचा का? आणि सोसायटीऐवजी कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढली तर? एक जण म्हणतोय की सगळं ऑनलाइन होतं, कार्यालयात जावंच लागत नाही.

---

व्हीआरसीई_जुना

चॅप्टर सोडू नका. उलट तुमच्या पहिल्या तीन कामांसाठी तोच सगळ्यात हलका मार्ग आहे. चॅप्टरला सहसा वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. पॅन, आयकर नोंदणी, लेखापरीक्षण हे सगळं मूळ संस्थेचं. तुम्ही फक्त कार्यक्रम घ्यायचे आणि वर्षअखेर हिशोब मुख्यालयाला द्यायचा. तोटाही तिथेच आहे: मोठ्या खर्चाला वरून मंजुरी, करारावर स्थानिक अध्यक्षाला स्वतःच्या अधिकारात सही करता येत नाही, शिल्लक रकमेवर मुख्यालयाचा हक्क. आणि वर वाद झाला, निवडणूक लांबली, तर खालचं काम अडकतं. सदस्य होण्याआधी त्या संस्थेचा ताजा वार्षिक अहवाल, मागची निवडणूक कधी झाली आणि नागपूरच्या चॅप्टरचा शेवटचा कार्यक्रम कोणता, एवढं विचाराच. उत्तर यायला महिना लागला तर तेही उत्तरच समजा.

कॉलेजच्या मुलांसाठी विद्यार्थी शाखा हा वेगळा दरवाजा आहे. कॉम्प्युटर सोसायटी आणि एसीएम (१९४७ ची), आयईईई या संगणक-अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्था, तिघींच्या विद्यार्थी शाखा असतात आणि नागपूरच्या कॉलेजांत त्या आहेत. तुमच्या गटातले प्राध्यापक तिथे शाखा समन्वयक होऊ शकतात. शाखा टिकते की मरते हे समन्वयकावर ठरतं. चौथ्या वर्षाची मुलं पदाधिकारी केली की प्लेसमेंट सुरू होताच शाखा बंद. तिसऱ्या वर्षातली निवडा आणि दुसऱ्या वर्षातला एक सहसचिव ठेवा. एसीएम आणि आयईईईची वर्गणी डॉलरमध्ये ठरते, विद्यार्थ्यांना सवलत असते, तरी मुलांकडून पैसे गोळा करायच्या दिवशीचा दर बघा.

---

ताळेबंद

कलम ८ कंपनीबद्दल. ऑनलाइन होतं हे खरं. खासगी प्रकारात दोन संचालक पुरतात, भागभांडवलाची किमान अट नाही, कंपनीसारखी शिस्त आपोआप येते, मोठे प्रायोजक आणि कंपन्यांचे सीएसआरवाले (सामाजिक निधी देणारे) अशा संस्थेशी सहज बोलतात. पण एओसी-४ (हिशोबाचा फॉर्म) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) दरवर्षी, उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्म सहा महिने राहिले तर छत्तीस हजार. तुमची वर्षाची वर्गणी चाळीस हजार. शिवाय खासगी कंपनीत सदस्य २०० पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, म्हणजे सदस्यसंख्या वाढली की पुन्हा रूपांतर.

---

वऱ्हाडी_वकील

सहमत. चाळीस जणांसाठी कंपनी काहून काढता? आत्ता असं करा: ज्यांना व्याख्यानं-परिषद पाहिजे त्यांनी चॅप्टरचं सदस्यत्व घेऊन वर्षभर कार्यक्रम घेऊन बघावे. तेवढ्यात नियमावलीचा मसुदा तयार करून ठेवा. हजेरी टिकली आणि मुख्यालयाची अडचण होऊ लागली तर सोसायटी नोंदवा. युनियनवाल्यांनी आपली सदस्य यादी वेगळी ठेवावी, त्याच वहीत नको. एकाच माणसाने दोन्हीकडे सदस्य असायला हरकत नाही, फक्त सोसायटीचा सचिव आणि युनियनचा सचिव एकच नको.

मसुदा झाला की इथे टाका. सदस्यांची नावं-पत्ते खोडून टाका.